कम्युनिटी कॉलेजमधले ईसीई, थिएटर आणि ड्राफ्टिंगचे कोर्स – वर्षभरानंतरचा अनुभव (बे एरिया, कॅलिफोर्निया)

वर्ष होत आलं म्हणून आता सविस्तर लिहिते, कारण इथे नव्याने आलेल्या मराठी मुली, त्यातही एच-४ वर (म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) असलेल्या, सारखं विचारतात की कम्युनिटी कॉलेजला (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जाऊन खरंच काही होतं का. होतं, पण कोर्स बघून घ्या. मी मुख्यतः अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन, म्हणजे लहान मुलांचं शिक्षण, केलं, सगळे ईसीईच म्हणतात, आणि सोबत थिएटरचा एक नि ड्राफ्टिंगचा (तांत्रिक ड्रॉइंगचा) एक कोर्स घेतला.

ईसीईबद्दल आधी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. "मुलं सांभाळायचा कोर्स? त्यात काय शिकायचं?" हे मला गणपतीच्या कार्यक्रमात तोंडावर ऐकवलंय लोकांनी. अहो, पहिल्याच कोर्सला पियाजे, वायगॉट्स्की, एरिकसन हे बालमानसशास्त्रातले सगळे येतात आणि परीक्षेला बसून अभ्यास करावा लागतो. पण खरा जीव आहे तो ऑब्झर्वेशनमध्ये. कॉलेजच्याच चाइल्ड सेंटरमध्ये कोपऱ्यात बसायचं, एक मूल धरायचं आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं. "रागावला" असं कुणी लिहिलं की प्रोफेसर खोडायच्या, राग कसा दिसला ते लिहा म्हणायच्या. मग लिहायचं की ओठ घट्ट मिटले, हातातला ठोकळा खाली टाकला, शेजारच्या मुलीकडे पाठ फिरवली. हे आठवडेच्या आठवडे केलं की कळतं आपण हट्टी, लाजरा, आगाऊ ही लेबलं किती पटकन चिकटवतो. माझ्या घरात यामुळे फरक पडलाय, मुलाशी बोलायच्या आधी मी आता थांबून बघते, आणि निम्म्या वेळा ओरडायचं कारणच उरत नाही.

विविधतेवरच्या कोर्सला मी आपल्याकडे बालवाडीचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांवर पेपर लिहिला. वर्गात मॉन्टेसरी सगळ्यांना माहीत, इटलीतली रेजिओ एमिलिया ही बालशिक्षणाची पद्धत माहीत, पण १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम झालं त्याचा पत्ताच नाही कुणाला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, खेळणी म्हणून आसपासच्या बिया, दगड, शिंपले वापरायचे, हे सांगितल्यावर वर्गातल्या मेक्सिकन आणि फिलिपिनो बायकांनी इतके प्रश्न विचारले की तास संपला तरी आम्ही तिथेच. मला फार अभिमान वाटला त्या दिवशी.

नोकरीचं सांगायचं तर राज्याचं चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट (बालवाडीत शिकवायचा परवाना) असतं, असिस्टंटला ६ युनिट (कोर्सची क्रेडिट), असोसिएट टीचरला १२ युनिट आणि ५० दिवसांचा अनुभव, पुढे टीचरला ईसीईची २४, जनरल एज्युकेशनची १६ आणि १७५ दिवस. मूळ कोर्स आठ, प्रत्येकी तीन युनिटचे, आणि बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत ते जुळवून घेतलेले आहेत, त्यामुळे घर बदललं तरी केलेलं वाया जात नाही. २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियात चार वर्षांच्या सगळ्या मुलांना पब्लिक स्कूलमध्ये टीके (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, बालवर्गाआधीचं वर्ष) मिळायला लागलंय, त्यामुळे मागणी आहे, फक्त टीकेची मुख्य टीचर व्हायला क्रेडेन्शियल (शाळेतल्या शिक्षकाचा परवाना) वेगळं लागतं. पगार कामाच्या मानाने कमीच आहे आणि हे मला पटत नाही. एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, पण पगार घ्यायचा तर ईएडी (काम करायचं परवानापत्र) हवाच.

थिएटरचा ॲक्टिंगचा कोर्स मी इलेक्टिव्ह म्हणून घेतला आणि तो ईसीईवाल्या प्रत्येकीने घ्यावा असं माझं ठाम मत झालंय. आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं, इम्प्रोव्हमध्ये (आयत्या वेळच्या अभिनयात) समोरच्याने दिलेलं नाकारायचं नाही तर त्यात भर घालायची, हे दुसऱ्या दिवशी मुलांना गोष्ट सांगताना जसंच्या तसं वापरता येतं. ज्यांनी कॉलेजात एकांकिका केल्यात त्यांना इथे तिसरी घंटा ऐकू येणार नाही पण विंगेतली धडधड तीच. बॅकस्टेजलाही मार्क असतात, सेट उभा करणं, प्रयोगानंतर तो उतरवणं, सगळं धरतात.

ड्राफ्टिंग मात्र मला ठीकठाक वाटला. आपल्याकडे मिनी ड्राफ्टर घेऊन इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलेल्यांनी एक लक्षात ठेवा, वस्तूची दृश्यं कागदावर मांडायची पद्धत आपण फर्स्ट अँगल शिकतो, इथे थर्ड अँगल, म्हणजे टॉप व्ह्यू वर येतो, आणि शिवाय फूट-इंच. हात वळायला वेळ लागतो. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात हे चांगलं. पण माझा सेक्शन (तुकडी) पूर्ण ऑनलाइन, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, शंकेला उत्तर यायला आठवडा, त्यामुळे हा विषय लॅबमध्ये बसूनच घ्या.

फी रेसिडेंटला (राज्याच्या रहिवाशाला) युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ ला, वर हेल्थ फी, पार्किंग वगैरे. डी अँझा, फूटहिल या कॉलेजांना ३१ दिसेल पण ती क्वार्टर (तिमाही सत्राची) युनिट असतात, लहान, तेव्हा स्वस्त समजू नका. नॉन-रेसिडेंटला कितीतरी पट पडते. एच-४ वाल्यांनाही राज्यात वर्षाहून जास्त राहिल्याचं दाखवून रेसिडेंट ठरता येतं, त्यामुळे लीज, लायसन्स, टॅक्सचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. झेडटीसी (झीरो टेक्स्टबुक कॉस्ट) लिहिलेल्या सेक्शनला पुस्तकाचा खर्च नाही, आधी तेच शोधा, आणि संध्याकाळचे ईसीई सेक्शन भराभर भरतात म्हणून रजिस्ट्रेशन उघडल्या उघडल्या लॉगिन करा.

आणि प्रॅक्टिकमला (मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करायच्या कोर्सला) जायच्या आधी टीबी टेस्ट, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा पुरावा मागतात, तर भारतातून लहानपणीचं लसीचं कार्ड आईकडून शोधून फोटो मागवून ठेवा, नाहीतर गोवरासाठी रक्त तपासून टायटर (प्रतिकारशक्ती आहे याची तपासणी) दाखवावं लागतं किंवा लस परत घ्यावी लागते आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात.