मालवणात रापणीवरून मासे घेतले, 5 पैकी 4 स्टार

फेब्रुवारीत चार दिवस मालवणला होतो आणि त्यातले तीन दिवस मासे मार्केटात न जाता किनाऱ्यावर रापण (वाळूवरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की तिथेच घेतले, बरेच जण विचारतात ताजं कुठे मिळतं म्हणून लिहितोय. सकाळी सातच्या आत वाळूवर पोचायचं. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, मग दोन्हीकडचे दोर धरून तीस-चाळीस माणसं ओढत राहतात, तास-दीड तास सहज जातो. मासळी आली की ओढणाऱ्यांचे वाटे पडतात, जाळ्याचा आणि होडीचा वेगळा, मग काकी लोक तिथेच विकायला बसतात. 200 रुपयांत 11 बांगडे मिळाले. काकी म्हणाल्या, "ह्यो बांगडो रापणीचो, आताच इलो." कल्ले लालभडक, घरी नेऊन तिखलं (माशाचा तिखट रस्सा) केलं, अशी चव पुण्यात मला कधी मिळाली नाही.

पण मी चार स्टार चवीसाठी देत नाहीये. पुण्यात एका ऑनलाइनवाल्याकडून अख्खी सुरमई मागवली होती, आली ती जेमतेम फूटभर. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींची कमीत कमी लांबी ठरवली त्यात सुरमई 37 सेंटीमीटर आहे, म्हणजे ते पिल्लूच. कुठल्या जाळ्यातली विचारलं तर कोणाला सांगताच आलं नाही. तेव्हापासून टेप खिशात ठेवतो. हे बांगडे 20-21 सेंटीमीटर भरले, नियम 11 चा आहे.

आणि रापण माशांच्या मागे धावत नाही, मासे किनाऱ्याला आले तरच मिळतात, डिझेल जवळजवळ नाही, आलेला पैसा ओढणाऱ्या सगळ्यांत वाटला जातो. समुद्राला झेपणारी मासेमारी म्हणतात ती मला तरी हीच वाटते.

एक स्टार कापला कारण जाळं बारीक आहे. बोटाएवढी पिल्लं पण येतात आणि ती वाळूवरच पडून मेलेली बघितली, फार वाईट वाटलं. ओढून झाल्याबरोबर दोन पोरांनी टोपलीत भरून परत पाण्यात सोडली तर काही तरी जगतील, मी तिथे बोललो, दोघा-तिघांनी नीट ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मात्र एवढी माणसं ओढूनही मूठभर मोतके (बारीक मासे) आणि बाकी सगळा कचरा. एक म्हातारे रापणकर म्हणाले रात्री बाहेर समुद्रात बोटींचे लाइट दिसत होते. एलईडी लावून मासे गोळा करणं केंद्राने 2017 लाच बंद केलंय, पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढा घालून आवळायचं मोठं जाळं) राज्याने 2016 पासून बंधनं घातलीयत, तरी किनाऱ्यावरच्या माणसाची सकाळ अशी जाते. त्या दिवशी काकींकडे विकायला काहीच नव्हतं आणि त्यांनी बंदरावरनं आणलेले मासे रापणीचे म्हणून विकले पण नाहीत, सरळ सांगितलं, "आज नाय गावाक", म्हणजे आज मिळाले नाहीत. ह्या एका गोष्टीमुळे मी परत त्यांच्याकडेच जाणार.

जाताना सुट्टे पैसे आणि झाकणाचा डबा न्या, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते त्या पावसाळ्यात जाऊ नका, आणि सुरमईचा हट्ट न धरता त्या दिवशी तारली, पेडवे, जे आलंय ते घ्या.