रोपं झकास, लेबलांचं मात्र देव जाणे – सांगली-मिरज रोडवरची नर्सरी

नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार पण आहे आणि मालक माणूस म्हणून चांगला आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. सांगलीतनं मिरजेकडं जाताना रस्त्याच्या कडेला ज्या नर्सऱ्या लागतात त्यातलीच एक, एवढं पुरे. एक आख्खा हिवाळा त्यांची टोमॅटोची रोपं लावून, खाऊन, आणि दोनदा भांडून झाल्यावर लिहितेय.

मी काही शेतकरी नाही. विश्रामबागला घर आहे, मागं बारा बाय वीसची मोकळी जागा, एका कडेला शेवगा आणि मधी धुणं वाळत घालायची तार. माती काळी, पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी. टोमॅटो लावायचं कारण म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई. त्यांचं माहेर आष्ट्याचं, लहानपणी खाल्लेला तो चपटा, रेघारेघांचा गावठी टोमॅटो त्यांच्या जिभेवर अजून आहे, त्यामुळं मी कधीपण सार केलं की एक घोट घेऊन म्हणणार, "रंग आलाय, टोमॅटो कुठं गेला?" बरं त्यांचं चुकत पण नाही. मंडईत येतो तो जाड सालीचा, क्रेटमधनं शंभर किलोमीटर हादरे खाऊन पण न फुटणारा संकरित माल असतो, जरा गुलाबी झाला की तोडलेला, आणि वर आपण घरी आणून तो फ्रिजमध्ये कोंबतो. मग वास येणार कुठनं.

तर दसरा झाल्यावर चार दिवसांनी सकाळी नर्सरीत गेले. मालक स्वतः होता म्हणून वाचले, कारण मी सगळ्यात उंच, फूल आलेली रोपं निवडून बाजूला काढत होते, म्हटलं ही लवकर लागतील. त्यानं हातातनं ती घेतलीच. "वैनी, ही म्हातारी झाली, ट्रेमध्ये फूल आलं म्हणजे रोपाला कळलंय की आता वाढायला जागा नाही." मग एक बुटकं, जाड दांड्याचं रोप ट्रेच्या कप्प्यातनं बुडाला दाबून अलगद वर काढलं आणि उलटं करून दाखवलं. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्शाचा, गड्डा न फुटता जसाच्या तसा, आणि त्याच्यावर पांढऱ्याशुभ्र मुळ्यांची जाळी. काळपट मुळी असली तर घ्यायचं नाही, म्हणाला. तीन-चार आठवड्याचं, वीतभराच्या आतलं रोप बरं. हे कुठल्या दुकानात सांगतात हो? यासाठीच अर्धा स्टार जादा.

आठ पुसा रुबी, सहा अर्का रक्षक आणि सहा चेरी टोमॅटोची रोपं घेतली. पहिली दोन ५ रुपयाला एक, चेरी १५. रेटचा बोर्ड नाही, तोंड बघून भाव सांगतात असा मला संशय आहे, माझ्यामागच्या बाईला चेरी १२ ला दिली.

जाती नीट समजून घ्या, कारण सगळी चव तिथंच ठरते आणि नर्सरीतल्या पोराला विचाराल तर तो "सगळी गोडच हायत" म्हणून मोकळा होतो. पुसा रुबी ही दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाण, फळ चपटं, थोड्या खाचा असलेलं, साल पातळ, आंबटपणा चांगला. अर्का रक्षक बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेची संकरित, पानं आकसणारा विषाणू, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना दाद न देणारी म्हणून प्रसिद्ध. एक चवीसाठी, एक भरवशासाठी असा माझा हिशोब होता आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघाला.

पैसे देताना दुकानातल्या पोरानं मला एक तंबू दाखवला. प्लास्टिकचा, चेन लावलेला, चार हजाराचा, "मिनी पॉलिहाऊस मॅडम, याच्याशिवाय टोमॅटो येत नाही". माझ्या दिराचं पण हेच म्हणणं, त्याच्या मित्राचं ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस आहे त्यामुळं त्याला दुसरं काही दिसतच नाही. मी मालकाला विचारलं तर तो हसायलाच लागला, स्वतःच्या दुकानातला माल असून. म्हणाला, पावसाळ्यात लावणार असाल तर डोक्यावर काहीतरी पाहिजे, पानं भिजत राहिली की करपा येतो, पण दिवाळीनंतर आपल्याकडं कशाला? आणि खरंच आहे ते. काचघर हे थंड मुलखातलं लफडं, तिथं उन्हाळा दोन-तीन महिन्याचा आणि रात्री गारठा, म्हणून झाड काचेत कोंडायचं. टोमॅटोला रात्री १५ ते २० अंशाच्या आसपास आणि दिवसा स्वच्छ ऊन लागतं, म्हणजे आपला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडं गारठ्यानं नाही, उन्हानं खेळ बिघडतो. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, आणि जास्त उन्हात लाल रंग धरत नाही, फळ पिवळट नारिंगीच राहतं. तंबू घेतला असता तर त्यात टोमॅटो नाही, मीच शिजले असते.

लावताना खालची पानं काढून दांडा निम्मा मातीत पुरायला सांगितलं होतं. मला पटत नव्हतं, पण पुरलेल्या दांड्याला सगळीकडनं मुळ्या फुटतात आणि झाड घट्ट बसतं. दोन फुटावर एक रोप. आधाराला नर्सरीतनं बांबू घेतले, ४० ला एक, महाग, पुढच्या वेळी बुरुड गल्लीत बघणार. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, सुतळीनं दांडा कापतो.

आता माझी चूक. मी रोज संध्याकाळी पाईप धरून उभी. झाडं अशी माजली की विचारू नका, छातीएवढी उंच, हिरवीगार, शेजारच्या काकू बघून जायच्या. डिसेंबरच्या मध्याला पहिल्या घोसातली फळं मोठी झाली आणि बघते तर बुडाला काळा, चामड्यासारखा चपटा डाग. पाच फळं गेली. एका औषधाच्या दुकानात फोटो दाखवला, त्यांनी लगेच ३२० रुपयाची बाटली काढली. काय वाटलं कुणास ठाऊक, घ्यायच्या आधी नर्सरीवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. दोन मिनिटात त्याचा व्हॉइस मेसेज: "वैनी औषध मारू नका, हा रोग न्हाई. कॅल्शियम फळापर्यंत पोचंना. पाण्याचा नेम न्हाई तुमच्या. दोन दिवस गावाला गेलासा ना?" गेले होते! लग्नाला इचलकरंजीला गेलेलो. रोज भरमसाट पाणी आणि मधीच दोन दिवस कोरडं, की झालं.

मग त्यानं सांगितलं ते करायला लागले. काळी माती पाणी धरून ठेवते, तिला रोज नको. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पाईपला हात लावायचा नाही. आठवड्यातनं दोनदा, पण बुडात, सकाळी, भरपूर, पानावर एक थेंब नको. आणि मधी पाचट अंथरायचं. सांगलीत पाचटाला काय तोटा, भावाच्या उसातनं दोन पोती आणली, चार बोटं जाड थर दिला, ओल टिकून राहिली. वरनं आणखी एक, सकाळी दहाच्या सुमाराला बांबूला टिचकी मारत फिरायचं म्हणजे फुलातला पराग त्याच फुलात पडतो. आमचा धाकटा पट्टीनं ठोकत फिरायचा, त्याला शाळेत जायच्या आधी तेवढंच काम. दुसऱ्या घोसापासनं एक पण डाग नाही. बाटलीचे ३२० वाचले.

फळ रंगावर आलं की पाणी अजून आवळायचं, हे मला सगळ्यात जड गेलं. पानं दुपारी जरा मान टाकायची, माझा जीव खालीवर, पण संध्याकाळी परत उभी. चव त्यातनं येते, फळात नुसतं पाणी भरलं तर साखर आणि आंबट दोन्ही पातळ होतं. पहिल्या घोसातलं एक बिनडागाचं फळ आणि जानेवारीतलं एक, फरक आंधळ्याला पण कळेल.

जानेवारीत एका सकाळी आत्याबाई मागच्या दारी उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी हातासरशी एक पुसा रुबी तोडला, पूर्ण लाल, देठाजवळ जरा तडकलेला, पदराला पुसला आणि तसाच चावला. रस कोपरापर्यंत ओघळला. बोटं टोमॅटोच्या पानांना लागून हिरवी-पिवळी झालेली, तो उग्र वास सगळीकडं. काही बोलल्या नाहीत. अर्धा खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मीठ आण." त्या दिवशी सार मी केलं नाही, त्यांनीच केलं, गूळ न घालता.

अर्का रक्षक बद्दल खरं सांगायचं तर चव बरी, वाहवा नाही. पण सहा झाडांनी थकवलं हो मला, भाजी, कोशिंबीर, शेजारी, ऑफिस, सगळीकडं वाटून पण टोपलीत उरायचे आणि दहा-बारा दिवस टणक. पुसा रुबी तीन दिवसात मऊ. शिवाय आठातली दोन पुसा रुबी पांढऱ्या माशीनं घालवली, पानं चुरडून कपबशीसारखी झाली, उपटून टाकली. पिवळे चिकट सापळे आधीच लावायला पाहिजे होते, नर्सरीत मिळतात, १० ला एक, ते घ्याच. झेंडूची चार रोपं कडेनं लावली होती, फळ पोखरणारी अळी आधी त्याच्याकडं जाते म्हणतात, आमच्याकडं तीन-चारच फळं किडकी निघाली.

आता तक्रार. चेरीच्या सहा रोपातली चार चेरी नव्हतीच! हे कळायला दोन महिने लागतात हे लक्षात घ्या, रोपटं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. दोन झाडांवर गोट्यांएवढे घोस आणि चारांवर लांबट, अंड्यासारखे मंडईतले टोमॅटो. १५ रुपयाच्या भावात ५ चा माल. भांडायला गेले तेव्हा नेमका मालक नाही, पोरगा म्हणाला "टोमॅटोच हाय की". दुसऱ्यांदा गेले तेव्हा मालकानं कबूल केलं की ट्रे उचलताना पाट्या इकडच्या तिकडं झाल्या, आणि चार चेरी फुकट दिली. पण फेब्रुवारीत! मनात म्हटलं एप्रिलात फुलं गळणार, काय उपयोग. लावली रागारागानं. तर एप्रिलात बाकी झाडांची फुलं खरंच वाळून पडली आणि त्या चार चेरीनं मात्र थोडी का होईना फळं धरली, पोराच्या डब्याला मे लागेपर्यंत पुरली. तरी पण तक्रार ती तक्रारच.

दुसरं, त्यांचं गांडूळखत घेऊ नका. पाच किलोची पिशवी १०० ला, हातात घेतली तर ओली आणि जड, घरी पसरली तर निम्मी माती. निंबोळी पेंड मात्र चांगली निघाली. शेणखत मी नंतर गोठ्यावरनं जुनं, कुजलेलं आणलं. युरिया टाका म्हणणारे भेटतील, नुसता पाला खायचा असेल तर टाका.

साडेतीन स्टार. मालकाला पाच, पाट्यांना एक, खताला शून्य, जमेल तसा हिशोब घाला. जायचं तर सकाळी नऊच्या आत, मालक असतो, दुपारी पोरगा असतो. फोनपे चालतं, गाडी लावायला जागा नाही, आणि गेटजवळचं कुत्रं नुसतं भुंकतं.

यंदा परत जाणार, अर्का रक्षक आणायला. संकरितचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. पुसा रुबीचं बी मात्र घरीच धरलंय, सगळ्यात चांगल्या झाडाचा गर दोन दिवस वाटीत आंबवून, धुऊन, ताटलीत सावलीत वाळवून. आत्याबाईंनी राख घालून बरणीत ठेवलंय. बरणीवर चिठ्ठी मी माझ्या हातानं चिकटवलीय.