नवशिक्यांचा टेकडाऊन रिकर्व्ह संच: धनुष्य घ्या, बाण वेगळे

टेकडाऊन रिकर्व्ह म्हणजे भाग सुटे होणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य. ६६ इंची, लाकडी रायझरचा (मधल्या मुठीच्या भागाचा) हा संच सुरुवातीला पुरेसा आहे. सोबतचे बाण मात्र बहुतेकदा निरुपयोगी.

आधी मोजमाप. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत घ्या आणि २.५ ने भागा. ६५ इंच भरलं तर ओढ, म्हणजे दोरी मागे खेचण्याचं अंतर, २६ इंच; तिला ६६ इंची धनुष्य चालतं, २८ ला ६८ इंची बरं. लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) छापलेले पौंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीचे असतात; ओढ कमी असेल तर इंचामागे दीड-दोन पौंड कमी धरा. मोठ्यांनीही १८ ते २४ पौंडांमध्येच राहावं. ३० पौंडांच्या आग्रहाला बळी पडलात तर खांदा वर चढतो आणि ती खोड सुटता सुटत नाही. पुढे फक्त लिंब्स बदलता येतात, टेकडाऊनचा फायदाच तो.

स्पाइन म्हणजे बाणाच्या लवचीकपणाचा आकडा; आकडा मोठा तितका बाण लवचीक. संचातले बाण ५०० स्पाइनचे असतील तर २० पौंडांना फार ताठ. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे ते डावीकडे जातात आणि बिचारा स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो. १००० च्या आसपासचे सहा घ्या. स्ट्रिंगरही (दोरी चढवायचं साधन) घ्याच, धनुष्य पायात अडकवून दोरी चढवली की लिंब पिळवटतो. पारखताना बाणाशिवाय दोरी सोडू नका, तडा जाऊ शकतो.

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, त्यांना अधूनमधून पातळ तेलाचा हात फिरवा. दोरीला मेण. वापर झाला की दोरी उतरवायची. उन्हातल्या बंद गाडीत लिंब्सचे थर सुटतात. पेंढ्याचं लक्ष्य स्वस्त, पण पावसात बुरशी धरतं. दाट फोम घ्या.