पॅडवर उतरवायचा की हातात धरायचा? कातळावर ड्रोन उडवणाऱ्यांसाठी

छोटा ड्रोन घेतला की उडवायची भीती लवकर जाते, उतरवायची मात्र बराच काळ टिकते. मग प्रश्न येतोच: खाली पसरून त्यावर ड्रोन उतरवायचं ते घडीचं गोल कापडी पॅड घ्यावं, की सरळ हात पुढे करून ड्रोन वरच्या वर धरावा? मी दोन्ही केलंय, अजूनही करतो. माझं उडवणं बहुतेक रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळी पठारांवर, रीतसर विचारून, कातळशिल्पांचे फोटो घ्यायला. काशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. त्याच्या पायाशी उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात; हत्ती दिसायला वरच जावं लागतं. तेव्हा पुढचं सगळं कातळ, लाल माती आणि समुद्राकडून येणारा वारा गृहीत धरून वाचा. हिरवळीच्या मैदानावर उडवणाऱ्याचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

आधी वजनाचं बोलून घेऊ, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. मी म्हणतोय ते डीजेआय कंपनीच्या 249 ग्रॅमच्या मिनीबद्दल, म्हणजे आपल्या नियमांतल्या नॅनो या सर्वांत हलक्या गटाबद्दल. त्याच कंपनीचा मॅव्हिक 3 भरतो 895 ग्रॅम. त्याची पाती मोठी, मोटरला जोर जास्त. तो धरणारे आहेत, सफाईने धरतात, पण मी कुणाला शिकवणार नाही. आणि फवारणीचे मोठे ड्रोन आता गावोगावी दिसतात, त्यांच्या पात्यांपासून तर लांबच उभं राहायचं. उलट टोकाला त्याच कंपनीचा, 2024 मध्ये आलेला निओ आहे: 135 ग्रॅम, चारही पात्यांभोवती जाळी, तळहातावरूनच उडवायचा आणि तळहातावरच उतरवायचा अशाच बेताने बनवलेला. तो असेल तर पॅड घेऊच नका. प्रश्न आहे तो मधल्यांचा, उघड्या पात्यांच्या हलक्या ड्रोनवाल्यांचा.

पॅडच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावर जो लाल फुफाटा असतो, तो ड्रोन जमिनीपासून हातभर अंतरावर आला की उसळतो आणि नेमका गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या नाजूक भागात, जाऊन बसतो. मिनीचं गिंबल उतरल्यावर जमिनीला जवळजवळ टेकतं. पावसानंतरच्या गवतात तर पाती आधी गवत कापतात, मग थांबतात. पॅड असलं की हे टळतं. शिवाय बऱ्याच मॉडेलांत ड्रोन उडताना खालच्या जागेचं चित्र टिपून ठेवतो आणि परतताना ते जुळवून बघतो. करड्या कातळावर भडक नारिंगी वर्तुळ त्याला चटकन ओळखू येत असावं. माझा तरी पॅडवरून उडाला की परत जवळपास तिथेच येतो, नुसत्या कातळावरून उडाला की वीतभर इकडेतिकडे होतो. मोजपट्टी लावलेली नाही, अंदाजाने सांगतोय.

बोटांचा विचार केला तर पॅडला तोडच नाही. यंत्र तिकडे, तुम्ही इकडे. कंपन्यांची पुस्तकंही फिरत्या पात्यांपासून लांब राहा असंच सांगतात. हातात धरताना काही झालं तर दुरुस्तीच्या खिडकीवर कुणी तुमची बाजू घेणार नाही.

आता माझी अडचण. या पॅडबरोबर तीन-चार खुंट्या येतात. मातीत त्या छान बसतात. कातळात कशा बसणार? आणि कातळशिल्पाच्या आसपास तर जमिनीत काही ठोकायचा विचारही करू नये. खुंट्या नाहीत म्हणजे पॅड नुसतं पसरलेलं. दुपारी वारा सुटला की त्याची एक कड उचलली जाते आणि ड्रोन उतरायला आला की पात्यांचा वारा त्याच कडेखाली शिरतो. कापड वर, पाती खाली, मधे बोटभर अंतर. मग आपण काय करतो, आजूबाजूचे जांभ्याचे तुकडे गोळा करून कडेवर ठेवतो. म्हणजे जे दगड टाळायला पॅड आणलं, तेच दगड हाताने उतरायच्या जागेभोवती मांडले. ड्रोन थोडा सरकला की एक पाय दगडावर, तीन पाय कापडावर, आणि कलंडून पाती जमिनीला. मोठं पॅड घेऊन बघा, म्हणजे 55 सेंटीमीटरच्या जागी 75, असं मलाही सांगितलं गेलं. घेतलं. वाऱ्याला पकडायला जास्त कापड मिळालं, इतकंच. बॅगेत पाण्याची बाटली ठेवून तिचं वजन द्यावं, तर ती बाटलीही दगडाइतकीच आडवी येते.

आणि ते परत घडी घालणं! आतल्या तारेला पीळ देऊन तीन वेढे करायचे आणि सुटायच्या आत पिशवीत कोंबायचं. बघायला आलेली गावातली पोरं एरवी ड्रोनकडे बघतात, पण या वेळी माझ्याकडे बघतात. हे काही पॅड न घेण्याचं कारण नव्हे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तर हातात धरणं. बहुतेक रिमोट मोड 2 वर असतात, म्हणजे वर-खाली करण्याची स्टिक डावीकडे. म्हणून रिमोट डाव्या हातात, डावा अंगठा त्या स्टिकवर, आणि धरायला उजवा हात मोकळा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे झोत आला तर ड्रोन तुमच्या तोंडावर न येता पुढे ढकलला जातो. ड्रोनचं शेपूट आपल्याकडे, कॅमेरा पलीकडे. स्टिकच्या दिशा उलट्यासुलट्या होत नाहीत आणि पुढचे सेन्सर असलेल्या मॉडेलला तुम्ही अडथळा वाटत नाही. डोक्यापेक्षा थोडा वर, हात लांब केल्यावर पोहोचेल इतक्या अंतरावर त्याला थांबवायचा आणि स्टिक सोडून द्यायची. मग आपण एक पाऊल पुढे जायचं. त्याला आपल्याकडे ओढत आणायचं नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

तळहात सपाट, बोटं जुळवून, पोटाखालून. बोटं वर वळवायची नाहीत, पात्यांची कड तिथेच असते. इथे एक गंमत होते: हात खाली गेला की खालच्या सेन्सरला जमीन अचानक वर आल्यासारखी वाटते आणि ड्रोन वर सरकतो किंवा उतरायला नकार देतो. नवखा माणूस इथे गडबडून झडप घालतो. झडप घालू नका. हात स्थिर ठेवून डावी स्टिक पूर्ण खाली ओढून धरा. तो क्षणभर अडतो, मग खाली येतो. तळहातावर टेकल्यावरही मोटर बंद होईपर्यंत स्टिक सोडायची नाही. हे दोन-तीन सेकंद फार लांब वाटतात. त्यात तुम्ही हात तिरका केलात तर ड्रोनला वाटतं वाऱ्यानं ढकललं, आणि सावरायला तो एका बाजूच्या मोटर जोरात फिरवतो. पाय धरलेल्या कोंबडीसारखा हातात झटापट करायला लागतो. सरळ धरलात तर निमूट बंद होतो. काही जण पटकन उलटा करून मोटर बंद पाडतात. चालतं, पण उलटा करताना पाती तुमच्या मनगटाजवळून फिरतात, म्हणून मला ते आवडत नाही.

धोका नाही असं म्हणणार नाही. मिनीची पाती प्लास्टिकची, पण त्या वेगाला प्लास्टिकही कातडी कापतं. डोळ्याशी तर खेळच नको. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, चेहरा बाजूला वळवलेला असू द्या. दोघं असाल तर एकाने उडवून दुसऱ्याने धरणं सोपं वाटतं, पण मला एकट्यानंच बरं पडतं. ‘धरला’ आणि ‘धरतोय’ यांत वाऱ्यात फरक कळत नाही, आणि स्टिक दुसऱ्याच्या अंगठ्याखाली असते.

काही वेळा मीही हात मागे घेतो. धरण्याआधी मी त्याला थोडा वेळ नुसता तरंगू देतो. एका जागी राहिला तरच हात पुढे. तिन्हीसांजेला उजेड कमी झाला की खालच्या कॅमेऱ्याला जमीन वाचता येत नाही, ड्रोन नुसत्या उपग्रहांच्या भरवशावर असतो आणि हात-दोन हात सहज भरकटतो. देवाचे गोठणे इथला सडा तर होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं म्हणूनच प्रसिद्ध आहे. अशा जागी कंपासची सूचना आली किंवा ड्रोन गोल गोल फिरायला लागला, तर बोटं पुढे करण्यात शहाणपण नाही. तेव्हा मोकळा सपाट कातळ बघायचा आणि उतरवायचा, थोडी धूळ गेली तर गेली, फुंकणीनं काढता येते.

होडीत मात्र निवडीचा प्रश्नच उरत नाही. पॅड स्थिर, पण होडी हलते. ड्रोनच्या दृष्टीने जमीनच खाली-वर होत असते. तिथे हातच. पुळणीवरही मी हाताकडेच झुकतो, वाळूचा एक कण गिंबलच्या मोटरमध्ये गेला की पुढचा खर्च पॅडच्या किमतीत बसत नाही.

तुमचं उडवणं शेतात, मैदानात, मातीच्या जागी असेल आणि खुंट्या रुतत असतील, तर पॅड घ्या, मोठंच घ्या. सड्यावर येणार असाल तर पैसे खर्चण्याआधी वारा पडलेल्या सकाळी, घराच्या अंगणात, ड्रोन बंद ठेवूनच तो डावा अंगठा-उजवा हात जमतो का ते बघा. हातमोजा घालावा का, असं बरेच जण विचारतात. बागकामाचा जाड मोजा मी घालून बघितला. बोटं फुगतात आणि पात्यांच्या आणखी जवळ जातात. तळव्याला रबर असलेला पातळ मोजा ठीक वाटतो.