नव्वद युरोचा व्हिसा आणि साडेचार तासांचं अ‍ॅमस्टरडॅम: तीन फेऱ्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात बोटीचं तिकीट काढून देणाऱ्या एजंटाचं शेवटचं उत्तर आलं. फेब्रुवारीत बंदरापासून शहरात जाण्यासाठी घेतलेल्या बसचे पैसे परत मिळणार नाहीत, विषय संपला. माझ्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून ऑक्टोबरपासूनच्या तिन्ही फेऱ्यांबद्दल आता सविस्तर लिहिते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून संध्याकाळी बोट, रात्र केबिनमध्ये, सकाळी हॉलंड, दुपारी पुन्हा बोट आणि तिसऱ्या सकाळी घरी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात वेळ घालवत नाही.

आधी हिशोब. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतोच, मग तिथे चार तास राहा की चार दिवस. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी त्याची फी ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. एवढा खर्च एकाच फेरीवर टाकायला माझं मन धजेना. सुदैवाने वर्षभर कितीही वेळा जाता येईल असा व्हिसा मिळाला, तेव्हाच ठरवलं की तो पुरेपूर वसूल करायचा.

मग प्रत्येक फेरीत मी एकच गोष्ट मोजली: शहरातल्या सेंट्राल स्टेशनपाशी बसमधून उतरल्यापासून परतीची बस सुटेपर्यंतचा वेळ. ऑक्टोबरात ४ तास ३५ मिनिटं. फेब्रुवारीत ३ तास १०. मे महिन्यात ४ तास ३०. एजंटाने तिकीट विकताना फोनवर सांगितलं होतं, 'पूर्ण दिवस अ‍ॅमस्टरडॅम'.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण तिकीट काढताना कुणी सांगत नाही. बोट अ‍ॅमस्टरडॅमला जातच नाही. ती समुद्रकाठच्या आयमाउडन बंदराला लागते. तिथून शहरापर्यंत १८७६ साली खुला झालेला उत्तर समुद्र कालवा आहे आणि त्याच्या तोंडाशी मोठमोठी जलद्वारं आहेत, म्हणजे बोटी आत-बाहेर सोडणारे दोन्हीकडे दारं असलेले हौद. २०२२ मध्ये सुरू झालेलं नवं द्वार ५०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे. आपली बोट मात्र त्याच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूलाच थांबते. पुढे तीसेक किलोमीटर बसने. शिवाय तिथलं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे उतरायच्या आधीच तास गेला. पासपोर्टची रांग आणि बस भरेपर्यंतची वाट धरली की अकरा वाजतात, आणि साडेतीनला बसपाशी परत हजर.

बंदरात शिरताना एक गोष्ट मात्र चुकवू नका. डेकवरून समोर पोलाद कारखान्याच्या धुरकट चिमण्या दिसतात. तो टाटांचा आहे! २००७ मध्ये त्यांनी कोरस ही पोलाद कंपनी घेतली तेव्हा हाही त्यांच्याकडे आला. पहाटेच्या गारठ्यात हे कळल्यावर खूप बरं वाटलं.

पहिल्या फेरीत मी आणि नवरा नुसते चाललो. हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे १६१३ पासून खणले गेले, आणि २०१० पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. घरं अरुंद, जिने अंगावर येणारे, म्हणून प्रत्येक घराच्या शेंड्याला एक तुळई बाहेर काढलेली असते आणि तिला आकडा. एका ठिकाणी त्या आकड्यावरून खरोखरच सोफा वर चढत होता. खाली एकजण दोर धरून, वर खिडकीची चौकटच काढून ठेवलेली, दुसरा हात बाहेर काढून वाट बघत उभा. सोफा भिंतीला घासला नाही, कारण घराचा दर्शनी भाग जरासा पुढे झुकलेला असतो. आम्ही वीस मिनिटं तिथेच होतो. अ‍ॅन फ्रँकचं घर बाहेरूनच पाहिलं; त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची सुटतात. परत आल्यावर मी मैत्रिणींना सांगत सुटले की नक्की जा.

फेब्रुवारीत मत बदललं. रात्रभर बोट हलत होती. बिनखिडकीची केबिन स्वस्त म्हणून घेतलेली, तिथे ना क्षितिज दिसतं ना हवा लागते. उलट्यांनी जीव नकोसा झाला. बोट उशिरा लागली, त्याची तक्रार नाही, समुद्रापुढे कुणाचं काय चालणार? पण त्यानंतर बस चाळीस मिनिटं धक्क्यावर उभी होती, कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपसाठी. माझी तक्रार त्या चाळीस मिनिटांची आहे. एजंट प्रत्येक मेलमध्ये 'हवामान' एवढंच लिहितो. बसचे पैसे वेगळे घेतले होते, तर बसचा हिशोबही वेगळाच व्हायला हवा. तेव्हा ठरवलं होतं, आता पुन्हा नाही.

मग आई आली. तिने मुंबईतूनच शेंगेन काढून आणला होता, तो फुकट कसा घालवायचा? या वेळी एजंट टाळून थेट तिकीट काढलं, खिडकीची केबिन घेतली आणि बसही घेतली. साध्या बसने स्लोटरडाईक स्टेशन आणि तिथून ट्रेन असं स्वस्तात जाता येतं, पण सत्तरीच्या बाईला घेऊन बोट चुकण्याचा धोका मी पत्करणार नाही. एकटी असते तर तसंच गेले असते.

आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे डच वखार आहे, छप्पर गेलेली, भिंती उभ्या. डचांनी १६३७ मध्ये ती जागा धरली. म्हणून तिला सरळ डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या कचेरीत नेलं, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, आउडं होखस्ट्राटला. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा कारभार इथून चालायचा. आता इमारत विद्यापीठाकडे आहे. अंगणात लाल विटांच्या भिंतींत पांढऱ्या दगडाचे पट्टे. मुलं सायकली लावून वर्गात जात होती. आई भिंतीला हात लावून म्हणाली, "हयसून इले ते आमच्या वेंगुर्ल्याक?" मग तिथल्या दगडी पायरीवर बसली आणि वखारीच्या आवारात लहानपणी कुठून शिरायचे, गुरं कुठे बांधलेली असायची, ते सांगू लागली. तिचं हे मी आजवर ऐकलंच नव्हतं.

नंतर स्टेशनमागच्या फुकट फेरीबोटीने पाण्यापलीकडे जाऊन आलो, आणि साखर भुरभुरलेले पोफर्च्येस खाल्ले. आप्प्यांसारखेच दिसतात, आईला लोणी जास्त वाटलं. तीन वीसला बसपाशी होतो.

व्हिसा सप्टेंबरपर्यंत आहे, चौथी फेरी ऑगस्टमध्ये करतेय. एजंटाला काल पुन्हा मेल केला आहे, बसच्या तिकिटाचा आणि माझ्या फोनमधल्या वेळेसकटच्या फोटोंचा जोड लावून.