डीव्हीडीचा गठ्ठा हार्डडिस्कवर आणायचाय? मेकएमकेव्ही, हँडब्रेक आणि जेलीफिन

घरात डीव्हीडी-ब्लूरेचा साठा असेल तर आत्ताच कॉपी करून ठेवा, कारण डिस्क वर्षानुवर्षं पडून खराब होतात आणि नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, एक्सटर्नल घ्यावा लागतो. मी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरतो, ते डिस्कमधला पिक्चर जसाच्या तसा एमकेव्ही या व्हिडिओ फाइलमध्ये काढतं, क्वालिटी अजिबात कमी होत नाही, सगळे ऑडिओ ट्रॅक आणि सबटायटल पण येतात, फक्त फाइल मोठी होते, ड्युअल लेयर (दोन थरांची) डीव्हीडी ८.५ जीबीपर्यंत आणि ब्लूरे ५० जीबीपर्यंत.

मग ही मोठी फाइल लहान करायला हँडब्रेक. फुकट आणि ओपन सोर्स. डीव्हीडीसाठी आरएफ (क्वालिटी ठरवणारं सेटिंग) २० च्या आसपास ठेवा, आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी. जुन्या डीव्हीडीत हलत्या सीनमध्ये आडव्या रेघा दिसतात ना, तिथे डीइंटरलेस फिल्टर लावा, जबरदस्त फरक पडतो! एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटने जागा खूप वाचते पण एन्कोडिंगला (फाइल नव्याने बनवायला) वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं सरळ. एक लक्षात ठेवा, हँडब्रेक कॉपी प्रोटेक्शन (डिस्कची कॉपी रोखणारं कुलूप) काढत नाही, म्हणून आधी मेकएमकेव्ही (आणि तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो तेही बघून घ्या).

बघायला जेलीफिन, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरचे पिक्चर घरातल्या बाकी स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर, हेही फुकट. फाइलच्या नावात पिक्चरचं नाव आणि साल नीट टाकलं की पोस्टर, कलाकार सगळं आपोआप येतं आणि टीव्ही, मोबाइल कुठेही लागतं. मला तर हे तिन्ही मनापासून आवडलेत. बॅकअप मात्र दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेवाच.