अक्षीच्या पुळणीवर २०-६०×६५ टेलिस्कोप: एका हंगामानंतर

पक्षी बघायला दोन डोळ्यांची चांगली दुर्बीण असताना टेलिस्कोप कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारून झालं होतं. अठरा हजार मोजताना मलाही तेच वाटत होतं. २० ते ६० पट मोठं दाखवणारा, ६५ मिलिमीटर भिंगाचा हा टेलिस्कोप ऑक्टोबरात घेतला, आता एप्रिल संपत आलाय. जवळजवळ दर रविवारी अलिबागहून स्कूटरवर टाकून अक्षीला नेला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

अक्षी लोकांना शिलालेखामुळे माहीत. आम्हा पक्षीवाल्यांचं अक्षी म्हणजे सुरूच्या बनापलीकडची पुळण. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखल्या, तुतवार, कोरल असे किनारी पक्षी पार लांबवर पांगतात. माझ्या आठ पटीच्या दुर्बिणीतून छोटे पक्षी म्हणजे सांडलेली मोहरी. जवळ जावं तर अख्खा थवा उठतो. मार्च-एप्रिलात तर उठवूच नये. परतीच्या प्रवासासाठी ते अंगावर चरबी चढवत असतात आणि आपल्या हौसेपायी उगाच मारलेल्या दर घिरटीत ती जळते. टेलिस्कोपचे पैसे मला इथे वसूल झाले. मी सुरूच्या सावलीत, ते त्यांच्या चिखलात. भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन बसलं तर पाणीच त्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलतं.

२५-३० पटीवर चित्र झकास. कर्ल्यू सँडपायपर या छोट्या तुतवाराची टोकाकडे वाकलेली चोच, तिच्यात ताणला जाणारा किडा, सगळं लख्ख. हिवाळाभर पांढरं असलेलं त्याचं पोट एप्रिलात विटकरी व्हायला लागतं. सायबेरियाच्या टुंड्रात मिरवायचा अंगरखा तो इथेच अंगावर चढवायला घेतो.

खोक्यावर ठळक छापलेलं '६० पट' मात्र विसरा. ६५ मिलिमीटरच्या भिंगाला ६० ने भागा: डोळ्यात जेमतेम एक मिलिमीटरचा झोत येतो, चित्र काळवंडतं. त्यात दहा वाजल्यानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, मग पक्षी पाण्यात पडल्यासारखा हलतो. भिंग कितीही महाग असो, त्याला इलाज नाही. ४० च्या पुढे मी जात नाही.

सोबत फुकट आलेली तिपाई फुकटच्याच लायकीची. खाडीवरच्या वाऱ्यात ती लटलटते. विक्रेत्याला तसं कळवलं, तर 'वारा नसलेल्या जागी वापरावी' असा सल्ला आला! शेवटी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या भाच्याची जुनी जड तिपाई उचलली. फोकसचं चाक डिसेंबरपासून करकरतंय, बहुधा रेती गेलीय. ती चूक माझी. भिंग पुसण्याआधी फुंकणीने रेती उडवायची, एवढं पथ्य पाळा.

डोळा लावायची नळी कललेली असलेलंच मॉडेल घ्या. उंच माणूस वाकतो, बुटका तसाच उभा राहतो, तिपाई खालीवर करावी लागत नाही. हे मला तिसऱ्या (शिंपले) काढायला आलेल्या एका मावशींमुळे कळलं. टोपली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय बगतंस गो?" म्हटलं, तुम्हीच बघा. सँड प्लोव्हर या छोट्या चिखल्यांचा घोळका समोर होता, लडाख-तिबेटकडच्या पठारांवर घरटी करणारे. मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "अगो बाय, याचे पायान तोरा कोनी घातला?"

मी अर्धा तास तोच घोळका मोजत होते आणि मला दिसलं नव्हतं! पायाला कडं आणि वर छोटी खुणेची पट्टी, अभ्यासक लावतात ती. पट्टीवरची अक्षरं कळवली की पक्षी कुठे, कधी पकडला होता ते कळू शकतं. मी घाईघाईने ६० वर गेले आणि सगळं काळं. परत ३५ वर आले. तीन अक्षरांतली दोन वाचली, तिसरं इंग्रजी B की 8 ते ऊन समोरून असल्यामुळे ठरेना. मोबाईल नळीला टेकवून नऊ फोटो काढले. आठात माझं बोट, नवव्यात पक्ष्याने पाठ फिरवलेली.

मावशी आता टोपली ठेवून आधी टेलिस्कोपकडेच येतात. मोबाईल अडकवायचा क्लॅम्प मागवलाय, साडेसातशेचा.